तिघींचा भाडेकरार, एकटीची सही

बेदाणा | ३ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, मूळची तासगावची. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. सांगलीत मेकॅनिकल केलं आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत लागले. माझ्याबरोबर कॉलेजच्या दोन मैत्रिणी पुण्यात आल्या. तिघींनी निगडी प्राधिकरणात टू बीएचके घेतला. भाडं १८,०००, प्रत्येकीचे सहा हजार. कोणी किती पाणी वापरलं यावरून एकदाच भांडलो, तेही पहिल्या महिन्यात.

एक सप्टेंबरात जर्मनीला एमएस करायला गेली. दुसरीचं लग्न मार्चमध्ये झालं, ती आता नाशिकला असते. तिचं केळवण आम्ही याच घरात केलं. बासुंदी, मसालेभात, अळूची भाजी, सगळं आम्हीच रांधलं. पुऱ्या निम्म्या तळून झाल्या आणि सिलिंडर संपला. शेजारच्या काकूंच्या गॅसवर उरलेल्या तळल्या. नोव्हेंबरपासून मी पाच केळवणं जेवले. प्रत्येक ठिकाणी पान वाढलं जातं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आता तुझं कधी?"

आता मुद्दा. भाडेकरार ३१ मेला संपतोय. घरमालक काकू भल्या आहेत, पण १५ तारखेपर्यंत सांग म्हणाल्या. हातात ३४ हजार येतात. एकटीनं फ्लॅट ठेवायचा, पीजीत जायचं (८,५०० आणि जेवण) की अनोळखी मुली शोधायच्या?

शिवाय गॅस कनेक्शन नाशिकवालीच्या नावावर आहे. सिलिंडर दारात आला की कोड तिच्या मोबाइलवर जातो. ती मला फोन करून आकडे सांगते आणि मग अर्धा तास आम्ही बोलत बसतो. एरवी ती इतकी घाईत असते की फोन होतच नाही.

---

निगडी_नाका | ३ मे, रात्री ११:१५

पीजीत जाऊ नकोस. मी तीन पीजी बदलले. रात्री दहाला गेट बंद आणि दुसऱ्या शिफ्टची बस येते साडेबाराला. वॉचमनच्या विनवण्या करण्यात वर्ष गेलं.

---

कृष्णाकाठ | ३ मे, रात्री ११:४०

तासगाव म्हणजे आमच्या शेजारचीच की तू! मी पलूसचा. ३४ हजारांत १८ भाडं म्हणजे लई होतंय बघ. घरी पैसे पाठवायचं असंल तर काहीच उरायचं नाही. एक खोली दुसऱ्या पोरीला दे, आपल्या भागातली कोणीतरी असंलच.

---

वकीलीणबाई | ४ मे, सकाळी ७:२०

भावनेचं नंतर, आधी कागद.

१) करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोडायचं तर घरमालकाला पुरावा द्यावा लागतो.

२) जुन्या करारावर तिघींची नावं असतील तर "दोघी गेल्या, मी आहे" एवढ्या तोंडी बोलण्यावर राहू नका. नवा करार करा, राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव त्यात घाला. डिपॉझिट कोणाचं किती, कोणाला परत दिलं, हेही लिहून ठेवा. मैत्रिणी आहात म्हणूनच लिहा.

३) दुसऱ्याच्या नावाचं गॅस कनेक्शन वापरत राहू नका. मैत्रिणीने ते परत करून अनामत सोडवून घ्यावी, तुम्ही स्वतःच्या नावावर नवं घ्या. नोंदवलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मधल्या काळात अडलं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

---

मुक्ता_ठाणे | ४ मे, सकाळी ९:०५

वकीलीणबाई, बाकी सगळं मान्य. तिसऱ्या मुद्द्यावर मात्र वाटतंय की तो कोड येत राहू दे.

---

एक_बाप | ४ मे, दुपारी १:३०

रागावू नकोस बेटा, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून लिहितो. फ्लॅट, पीजी ही तात्पुरती मलमपट्टी आहे. मैत्रिणी मार्गी लागल्या, आता तूही स्थळं बघायला घे. नोकरी कुठेही मिळेल. आईवडील द्राक्षाच्या हंगामात रात्र रात्र जागून तुला शिकवतात, त्यांच्या जिवाला घोर असतो. तो तुम्हाला दिसत नाही.

---

डोंगरवाट | ४ मे, दुपारी १:५२

काका, तिने घराबद्दल विचारलंय, वराबद्दल नाही.

---

सदाफुली | ४ मे, दुपारी ३:१०

"मैत्रिणी मार्गी लागल्या" हे वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही. मी ३८ वर्षांची, अविवाहित, नाशिकमध्ये शाळेत शिकवते, स्वतःचं घर आहे. एवढ्या वर्षांत "सेटल हो" हे मला इतक्या प्रेमळ माणसांनी सांगितलंय की रागवायला कोणी उरलंच नाही. काका, तुमचा घोर खोटा नाही. माझ्या वडिलांचाही नव्हता. पण त्यांनी एकदा माझ्या घरी आठ दिवस राहून पाहिलं. मी सकाळी डबा करते, वर्गाच्या वह्या तपासते, शेजाऱ्यांच्या बाळाला सांभाळते, रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला सायकल चालवते. जाताना म्हणाले, "तुझ्याकडे कुकर लहान आहे, पाहुणे आले तर पुरणार नाही." आणि पाच लिटरचा कुकर आणून दिला. त्यानंतर लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

बेदाणा, लग्न करावंसं वाटलं तर जरूर कर. मैत्रिणी गेल्या म्हणून करू नकोस.

---

एक_बाप | ४ मे, सायंकाळी ६:४०

सदाफुलीताई, कुकरचं वाचलं. विचार करतो.

---

बेदाणा | ४ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. काका, अजिबात राग नाही. माझे बाबाही असंच बोलतात, फक्त निम्म्या शब्दांत.

वकीलीणबाई, करार नोंदवलेला आहे, आताच शोधून पाहिला. जर्मनीवालीचे डिपॉझिटचे पैसे मी आणि नाशिकवालीने मिळून तेव्हाच दिले होते. नाशिकवालीचा वाटा मला द्यायचाय. ती "राहू दे" म्हणते. ते मला नकोय.

"नोकरी कुठेही मिळेल" याबद्दल थोडं सांगते. मी लागले तेव्हा आमच्या शॉपमध्ये बायकांचं स्वच्छतागृहच नव्हतं. ऑफिसच्या इमारतीत जायचं, जाऊन येऊन बारा मिनिटं. मी पाणी पिणं कमी केलं होतं. मग दोन ट्रेनी मुली आल्या, तिघींनी मिळून अर्ज दिला आणि चार महिन्यांत सोय झाली. आता गेजवर हात ठेवला की भाग बसेल की नाही हे मला मोजायच्या आधी कळतं. मोजते तरीही. मागच्या महिन्यात एक अख्खी खेप मी अडवली, प्रॉडक्शनवाले दोन दिवस बोलत नव्हते. ग्राहकाकडे तोच दोष दुसऱ्या पुरवठादाराच्या मालात निघाला, तेव्हा तेच लोक चहा घेऊन आले. ही जागा मी कमावलीय. सोडून द्यायला हात धजत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. सीनियर इंजिनियरची जागा निघाली. साहेबांनी ती माझ्यानंतर आलेल्या मुलाला दिली. म्हणाले, "तिसरी शिफ्ट बघावी लागते, तुला कशाला त्रास." मला विचारलंही नाही.

---

वकीलीणबाई | ४ मे, रात्री १०:१०

विचारायला हवं होतं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ मुळे बायकांना रात्रपाळी बंद होती हे खरं, पण महाराष्ट्राने २०१५ मध्येच दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती खुली केली. घरापर्यंत गाडी, पुरेसा उजेड, सुरक्षित जागा ही कंपनीची जबाबदारी. "त्रास नको" हा काही नियम नाही. ईमेल लिहा: अशा सोयी असतील तर मी तिसरी शिफ्ट करायला तयार आहे, पुढच्या जागेसाठी माझा विचार व्हावा. दोन ओळी पुरेत, पण लेखी हव्यात.

---

चाकण_चौक | ४ मे, रात्री ११:३०

अनुमोदन. मी त्याच पट्ट्यात एचआरमध्ये आहे. लेखी मागणी आली की आम्हाला उत्तर द्यावंच लागतं. तोंडी मागणी कॅन्टीनमध्येच विरते.

---

लेडीज_स्पेशल | ५ मे, सकाळी ८:१५

आज ५ मे. १९९२ साली याच तारखेला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट–बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुटली. माझं इथलं नाव त्याच गाडीवरून. मी तेव्हा फोर्टात बँकेत होते, तुझ्याच वयाची, दादरच्या हॉस्टेलात राहायचे. पुढे बोरिवलीला भाड्याची खोली घेतली, त्या गाडीनेच जा-ये.

आमचा सातजणींचा गट होता. मटार सोलायचा, स्वेटर विणायचे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं बांधायची. कोणाचा नवरा मारायचा, कोणाच्या सासूला कॅन्सर, सगळं त्या तासाभरात बोलून व्हायचं. मग बदल्या झाल्या, लग्नं झाली, एक अमेरिकेला लेकाकडे गेली. गट तुटलाच.

तुझा प्रश्न मी असा वाचला: मैत्रिणी जवळ नसल्या तरी राहतात का? माझा अनुभव सांगते. ज्यांच्याशी "भेटू गं कधीतरी" म्हटलं त्या कधीच भेटल्या नाहीत. चौघींनी मात्र ठरवलं, महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी चार, दादरला. कोणी बोलवायचं नाही, कोणी आठवण करायची नाही. यायचंच. एकोणतीस वर्षं झाली. कधी दोघीच असतो. करोनात फोनवर भेटलो, तेही चारलाच.

तुमच्या सिलिंडरचं तेच झालंय. कोणीतरी तुम्हाला वेळ ठरवून दिली. कनेक्शन खुशाल बदला, पण वेळ ठेवा.

---

मुक्ता_ठाणे | ५ मे, सकाळी ८:४०

वरचा प्रतिसाद मैत्रिणीला पाठवला. सहा वर्षं "भेटू" चाललंय आमचं. या शनिवारी ठरलं!

---

डोंगरवाट | ५ मे, सकाळी १०:००

आम्हा मुलग्यांचं काय? कॉलेजच्या ग्रुपवर अकराजण आहोत. वाढदिवसाला केक आणि क्रिकेटच्या दिवशी गोंधळ, बास. मागच्या वर्षी एकाची नोकरी गेली आणि ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. तोही रोज ग्रुपवर होता. अजून मनातून जात नाही ते.

---

कृष्णाकाठ | ५ मे, सकाळी १०:२५

डोंगरवाट, फोन लाव त्याला. आत्ता. प्रतिसाद नंतर टंक.

---

डोंगरवाट | ५ मे, सकाळी ११:५०

लावला. तासभर बोललो. धन्यवाद दादा.

---

स्टुटगार्टकर | ५ मे, दुपारी ३:४५

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे सोडून गेलेल्यांच्या. माझं पुण्याचं घरही असंच तिघींचं होतं.

इथे आलं की पहिले काही आठवडे कागदांत जातात. पत्त्याची नोंदणी, बँक, विमा. नोंदणीला घर हवं आणि घर द्यायला लोकांना तुमचे कागद हवेत. मग कोर्स, मग आठवड्याचे ठरावीक तास काम. रविवारी दुकानं बंद, रस्ते इतके शांत की कुकरची शिट्टी आपल्यालाच मोठी वाटते. त्या दिवशी मला पुण्याचं घर फार आठवायचं. फोन करायचे नाही, कारण वाटायचं की त्या दोघी मजेत असतील, मी रडका चेहरा घेऊन कुठे जाऊ. त्यांना वाटायचं, ही जर्मनीत, हिला आता आपण कशाला हव्या. असं वर्ष गेलं.

उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, थंडीत साडेचारचा. रविवारी इथले बारा म्हणजे सध्या तुमचे साडेतीन. तुझ्या मैत्रिणीला त्या वेळेला लाव. ती रिकामी असेल, खात्रीने सांगते.

---

बेदाणा | ५ मे, रात्री १०:२०

लेडीज_स्पेशलताई, स्टुटगार्टकर, काय लिहू? दोन्ही प्रतिसाद बसमध्ये वाचले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

शेजारी बसलेल्याने विचारलं, "काय झालं?" आता त्याच्याबद्दल लिहावंच लागेल. कालपासून टाळत होते.

तो आमच्याच कंपनीत खरेदी विभागात आहे, बार्शीचा. दोन वर्षं आम्ही पहाटेच्या बसला शेजारी बसतो. पहिले सहा महिने दोघंही झोपायचो. मग बोलायला लागलो. घरची भांडणं, पगार, त्याच्या आजीचं ऑपरेशन, माझी अडवलेली खेप. फेब्रुवारीत त्याने सरळ विचारलं. मी वेळ मागितला. त्यानंतर त्याने एकदाही विषय काढला नाही आणि जागाही बदलली नाही.

जात वेगळी आहे. घरी काहीच माहीत नाही. पण खरं सांगू? मला जातीची, घरच्यांची भीती नंतरची वाटते. आधीची भीती ही की दोन मैत्रिणी गेल्या, आता रोज भेटणारं माणूस हा एकच आहे. हो म्हटलं आणि जमलं नाही तर तोही जाईल. नाही म्हटलं तरी जाईल. आणि एकटी पडलेय म्हणून तर तो आवडत नाहीये ना, हेही कळत नाही.

---

चाकण_चौक | ५ मे, रात्री १०:५५

दोघांचं खातं वेगळं आहे ना? तुमच्यापैकी कोणी एकमेकांच्या हाताखाली नाही ना? मग कंपनीच्या बाजूने सहसा अडचण येत नाही. तरी तुमचं धोरण काय म्हणतं ते बघून ठेव.

---

वकीलीणबाई | ५ मे, रात्री ११:०५

वेळ आलीच तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे, ३० दिवसांची नोटीस...

---

सदाफुली | ५ मे, रात्री ११:०८

अहो बाई, पोरीने अजून चहाला हो म्हटलं नाही, नोटिशीपर्यंत कुठे नेताय! :)

---

वकीलीणबाई | ५ मे, रात्री ११:१२

सवय हो. पण तो मुलगा मला आवडला. विचारून झाल्यावर गप्प राहणं आणि जागा न सोडणं, दोन्ही जमतं असे अशील माझ्याकडे फार कमी येतात.

---

निगडी_नाका | ६ मे, सकाळी ६:१०

माझं थोडं वेगळं मत. मी जवळच्या मित्राला हो म्हटलं होतं, सव्वा वर्षात मोडलं. मित्रही गेला आणि त्याच्यामुळे अख्खा ग्रुपही गेला, कारण सगळे आधी त्याचे होते. प्रेम मोडल्यापेक्षा ते जास्त लागलं. म्हणून सांगते, आधी स्वतःचं घर आणि स्वतःची माणसं मांडून घे. मग जे होईल त्याने तू कोसळणार नाहीस. तो तीन महिने थांबलाय, आणखी थोडा थांबेल. पण त्याला "थांब" असं तोंडाने सांग. नुसतं ताटकळत ठेवू नकोस.

---

लेडीज_स्पेशल | ६ मे, सकाळी ८:२०

निगडी_नाका शहाणी मुलगी आहे.

---

एक_बाप | ६ मे, रात्री ९:४५

दोन दिवस धागा वाचतोय. आज मुलीला फोन करून विचारलं, तुझ्या मैत्रिणी कुठे कुठे असतात गं? तिने पंचवीस मिनिटं सांगितलं. मला त्यातल्या एकीचंच नाव माहीत होतं. लग्नाबद्दल आज काही बोललो नाही.

बेदाणा, जातीचं घरी सांगायचं तेव्हा आईला एकटीला गाठ, आणि द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर. शेतकऱ्याला हंगामात काही ऐकू येत नाही. माझे वडीलही शेतकरीच होते.

---

बेदाणा | १६ मे, रात्री ९:१५

उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

फ्लॅट ठेवतेय. एक खोली कंपनीत नव्याने आलेल्या ट्रेनी मुलीला दिली, वाशिमची आहे. काकूंनी भाडं हजाराने कमी करून १७ केलं, ती सात देणार, मी दहा. तिसरीचा शोध सध्या नाही. नवा करार दोघींच्या नावाने, नोंदणीची तारीख २८ मे. नाशिकवालीला डिपॉझिटचा वाटा पाठवला. तिने भांडून अखेर घेतला.

ईमेल केली, तिसऱ्या शिफ्टची. उत्तर आलंय, "पुढच्या आढाव्यात विचार करू." बघू. पण साहेब परवा स्वतः विचारायला आले की गाडी नक्की कुठपर्यंत लागेल.

रविवारी साडेतीनला जर्मनीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला आणि आम्ही दोघी काहीच न बोलता रडलो, मग हसलो. स्टुटगार्टकर, तुमच्यामुळे.

आणि तो. त्याच रविवारी संध्याकाळी दुर्गा टेकडीवर बोललो. बसमध्ये नको म्हटलं, तिथे सगळे कान देतात. त्याला सगळं सांगितलं, भीतीसकट. म्हटलं, मला तू आवडतोस, पण आधी माझं घर लागू दे. दिवाळीपर्यंत मला माझ्या पायावर नीट उभं राहायचंय, मग आपण आपापल्या घरी बोलू. तो म्हणाला, "तोवर जागा धरून ठेवू का?" मी म्हटलं, धर.

---

मुक्ता_ठाणे | १६ मे, रात्री ९:२५

धरली! आम्ही सगळ्यांनी धरली!

---

कृष्णाकाठ | १६ मे, रात्री ९:४०

लई भारी. पुढच्या वेळेला तासगावला आलीस की बेदाणा पोच कर, म्हणजे प्रतिसादांची मजुरी फिटंल.

---

वकीलीणबाई | १६ मे, रात्री १०:३०

छान. आणि गॅस?

---

बेदाणा | १९ मे, रात्री ८:५०

ठरलंय. करार हातात आला की नाशिकवाली तिचं कनेक्शन परत करणार, मी नवं घेणार. तिच्या नावाचा शेवटचा सिलिंडर काल आला.

सकाळी सव्वाअकराला. मी लाइनवर, मोबाइल लॉकरमध्ये. वाशिमच्या मुलीची दुसरी शिफ्ट, ती घरी होती. अडीअडचणीला म्हणून मी तिचा नंबर नाशिकला देऊन ठेवला होता. कोड आल्यावर नाशिकवालीने तिलाच फोन केला. आकडे सांगून झाल्यावर दोघी पाऊण तास बोलत होत्या, असं शेजारच्या काकूंनी मला जिन्यात सांगितलं.

काय बोलल्या विचारलं, तर दोघीही सांगत नाहीत.